दोनशे शहाण्णव

बाईला वय विचारू नये आणि पुरुषाला पगार विचारू नये, असं आम्हांला लहानपणी शिकवण्यात आलं होतं. जुन्या यंत्राला वेग विचारू नये, हे मात्र कुणी शिकवलं नाही. शिकवणार तरी कोण? त्या वेळी आमच्या घरातलं सर्वांत वेगवान यंत्र म्हणजे आईचं शिवणयंत्र, आणि त्याचा वेग आईच्या पायांवर आणि वडिलांशी नुकत्याच झालेल्या बोलण्यावर अवलंबून असे.

त्यामुळे मागच्या पावसाळ्यात भिवंडीतल्या एका शेठनी मला बोलावून, "साहेब, एक मशीन आलंय, त्याची स्पीड किती तेवढं फक्त सांगा," असं म्हटलं, तेव्हा मी बेसावधपणे हो म्हणून बसलो.

शेठचा मूळ धंदा ग्रे कापडाचा. ग्रे म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड. त्याचा करड्या रंगाशी काही संबंध नाही, हे मला भिवंडीत राहायला आल्यावर सहा महिन्यांनी कळलं. आता शेठनी जोडीला एक गोदाम घेतलंय. मानकोली-काल्हेरच्या बाजूला गोदामं अशी उगवली आहेत, की इथे पूर्वी भात उगवायचा हे नव्या माणसाला पटवून द्यावं लागतं. त्या गोदामात कुठल्याशा कचेरीचं जुनं सामान लॉटने आलं होतं. मोडक्या खुर्च्या, पंखे, फायलींचे लोखंडी घोडे आणि या सगळ्यांत, चाकांवर उभं असलेलं, छोट्या फ्रिजसारखं ते यंत्र.

मी ते ओळखलं. सन कंपनीचं एंटरप्राइज ४५०. ओळखलं म्हणजे काय, नोकरीच्या शेवटच्या वर्षांत असल्याच एका यंत्राच्या शेजारी बसून मी दुपारचा डबा खात असे. आपुलकीपोटी नव्हे, त्याच्या खोलीला वातानुकूलन होतं आणि माझ्या खोलीला नव्हतं. साऱ्या कचेरीचे हिशेब त्या पेटीत युनिक्सवर चालत. मोठे साहेबसुद्धा त्या खोलीत चपला काढून येत. आणि आज त्याच्या डोक्यावर कुणीतरी चहाचा ग्लास ठेवला होता.

"गिऱ्हाईक आहे," शेठ म्हणाले. "फोनवर एकच विचारलं त्याने, स्पीड काय. एक आकडा द्या."

आता पंचाईत अशी, की यंत्र चालू असतं तर काम दोन मिनिटांचं होतं. सनच्या सोलॅरिसला 'पीएसआरइन्फो' अशी आज्ञा दिली, की प्रत्येक प्रोसेसर आधी आपण कुठल्या तारखेपासून कामावर आहोत ते सांगतो आणि मग आपला वेग. सरकारी नोकरासारखं आहे ते. आधी रुजू दिनांक. एचपीच्या जुन्या यंत्रांना अशी सरळ आज्ञा नव्हती. तिथे युनिक्सच्या पोटात हात घालून एक गुप्त आकडा वाचावा लागे: एका मायक्रोसेकंदात घड्याळाचे ठोके किती. जितके ठोके, तितके मेगाहर्ट्झ. वैद्याने नाडी बघावी तसं. पण इथे डिस्कच काढून घेतलेल्या. डिस्क नाहीत म्हणजे सोलॅरिस नाही, सोलॅरिस नाही म्हणजे आज्ञा ऐकणार कोण?

तरीही एक वाट होती. पुतण्याचा लॅपटॉप, एक पंचवीस टाचण्यांची सीरियल केबल आणि यंत्राच्या पाठीला चिकटपट्टीने लावलेली किल्ली. हो, या यंत्राला गोदरेजच्या कपाटासारखी किल्ली असते. किल्ली फिरवली. पंखे असे काही घोंगावले, की गोदामातली दोन कबुतरं उडून गेली. बराच वेळ काही नाही. शेठ घड्याळ बघू लागले. मग पडद्यावर अक्षरं आली, आणि पहिलीच तक्रार अशी, की माझ्या ओळखपत्रातला मजकूर आता ग्राह्य राहिलेला नाही.

याचं कारण साधं आहे. या यंत्रांच्या पोटात एक चिप असते, तिच्यात बारकी बॅटरी कायमची बंद केलेली. यंत्राचा ओळखक्रमांक आणि तारीख त्या बॅटरीच्या जिवावर टिकतात. दहाएक वर्षांनी बॅटरी संपते, आणि यंत्र आपण कोण, आज वार कुठला, हे दोन्ही विसरतं. आमच्या कट्ट्यावरच्या एका आजोबांचं नेमकं हेच झालंय. मुलाचं नाव विचारलं तर गोंधळतात. पण १९६५ साली कल्याणहून व्हीटीला लोकल किती मिनिटांत जायची, हे विचारा.

यंत्राचंही तसंच निघालं. नाव गेलं, तारीख गेली. पण 'बॅनर' असं टाइप केल्यावर त्याने स्वच्छ सांगितलं: चार अल्ट्रास्पार्क-टू प्रोसेसर, २९६ मेगाहर्ट्झ. आणि पुढच्या ओळीवर 'ओके' असं लिहून गप्प बसलं. सनच्या यंत्राची ही जुनी सवय. सगळं हरवलं, तरी शेवटी 'ओके'.

"दोनशे शहाण्णव," मी म्हणालो.

"म्हणजे तीनशे," शेठ म्हणाले आणि खिशातून पेन काढलं.

इथे माझ्या घशात काहीतरी अडकलं. कारण सांगतो, पण कुणाला सांगू नका. असल्याच यंत्राच्या वेळी, कचेरीतल्या मालमत्तेच्या रजिस्टरात 'वेग' या रकान्यात मी स्वतःच्या हाताने ३०० लिहिलं होतं. पीएसआरइन्फोने तेव्हाही २९६ च सांगितलं होतं. पण खरेदीच्या कागदावर ३०० होतं. मी २९६ लिहिलं असतं तर तपासनीसाने विचारलं असतं, चार मेगाहर्ट्झ गेले कुठे? आणि प्रोसेसर चार, म्हणजे सोळा गेले कुठे? दुपारचा डबा खाताना नेले का? मी ३०० लिहिलं, सही केली, आणि पुढची सगळी वर्षं तोच आकडा खाली उतरवत गेलो. तपासनीसांनी दर वर्षी त्यावर हिरव्या शाईने बरोबरची खूण केली. खोटं लिहिल्याचा मला कधी त्रास झाला नाही. आज, त्या यंत्राने स्वतःचं नाव विसरूनही २९६ सांगितलं, तेव्हा मात्र झाला.

"शेठ, दोनशे शहाण्णवच लिहा."

"साहेब, चाराने काय होतं?"

खरंच, चाराने काय होतं? प्रश्न मला सोपा वाटला होता, तो तितका सोपा नाही. मेगाहर्ट्झ म्हणजे घड्याळाचे ठोके. २९६ मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एकोणतीस कोटी साठ लाख ठोके. त्यातल्या एका ठोक्यात काम किती होतं, याबद्दल हा आकडा चकार शब्द बोलत नाही. एकाच ठोक्याचं एक यंत्र डोंगर उपसतं, दुसरं नुसतं ठोके देतं. मग ज्या आकड्याने मुळात फारसं काही कळत नाही, त्यात चाराची चूक झाली तर पाप किती?

आणि मोजपट्ट्यांचं म्हणाल, तर त्यांच्यासारख्या थापाड्या त्याच. डीईसी कंपनीचं व्हॅक्स ११/७८० हे यंत्र १९७७ साली आलं. ते सेकंदाला दहा लाख आज्ञा पाळतं असं धरून पुढे सगळ्या जगाची यंत्रं त्याच्याशी ताडली गेली: हे व्हॅक्सच्या तिप्पट, ते दसपट. नंतर कुणीतरी बसून खरोखर मोजलं, तर ते जेमतेम पाच लाख पाळत होतं. मापाचा शेरच अर्धा! आणि लिनक्स हे युनिक्सचं धाकटं भावंड तर सुरू होतानाच एक मोजणी करतं, तिचं नावच 'बोगोमिप्स', म्हणजे बोगस मिप्स. त्यात प्रोसेसर एका रिकाम्या गोलात फिरतो आणि काहीही न करणं आपल्याला किती वेगाने जमतं, ते सांगतो. निवृत्तीनंतर सौ. माझं जे मोजमाप करते ते याच पद्धतीचं.

हे सगळं मी शेठना सांगितलं. सौ. सोडून शेठनी ऐकलंही. पण त्यांनी यातून भलताच निष्कर्ष काढला.

"चार प्रोसेसर आहेत म्हणालात ना? मग चार गुणिले तीनशे. बाराशे लिहू?"

उत्तर माझ्याऐवजी चाचांनी दिलं. चाचा म्हणजे गोदामाचे राखणदार; उभी हयात यंत्रमागांवर जॉबर म्हणून गेली. ते स्टुलावरून न उठता म्हणाले, "शेठ, डेढसौ के चार लूम लगाए, तो छेसौ का एक लूम हुआ क्या?"

भिवंडीत वेग कळायला संगणक लागत नाही. इथे वेग म्हणजे मिनिटाला किती पीक. म्हणजे बाण्याचा धागा घेऊन धोटा किती वेळा आरपार गेला. दीडशे पीकचा माग आणि इंचाला साठ पीकचं कापड धरलं, तर मिनिटाला अडीच इंच, बारा तासांच्या पाळीला अठराशे इंच, म्हणजे बरोबर पन्नास वार. कागदावर. पन्नास वार कुणाला मिळतात का विचारा. ताणा तुटतो, कांडी संपते, वीज जाते, कारागिराला चार-चार, सहा-सहा माग सांभाळायचे असतात, आणि त्याला पोटही असतं. चाचा सांगतात, मालक मागाची स्पीड सांगतो, कारागीर कापड सांगतो. मजुरी कापडावर मिळते. स्पीडवर मिळत नाही.

आणि भिवंडीला जुन्या यंत्रांचं वावडंही नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या थंडावल्या आणि तिथले कितीतरी माग इथे येऊन पुन्हा खडखडू लागले. सन कंपनीही निघाली १९८२ मध्येच. ती २०१० साली ओरॅकलने गिळली. तेव्हा चार मेगाहर्ट्झ कुठे गेले, हे विचारायला आता दारही उरलेलं नाही. माग मात्र अजून चालताहेत.

चाचांच्या बोलण्यावरून मला एकदम सुचलं. "शेठ, तुमच्याकडे साठ पीकचं कापड म्हणून कुणी छप्पन पीकचं पाठवलं तर?"

शेठच्या टेबलाच्या खणात पितळी चौकटीचं एक भिंग असतं. कापडावर ठेवायचं आणि इंचभरातले धागे सुईने मोजायचे. त्या भिंगाखाली शेठनी भल्याभल्यांचा घाम काढलेला मी पाहिलाय.

"परत पाठवीन. हरामखोरी आहे ती."

"चाराने काय होतं?"

शेठ थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. "ते वेगळं," म्हणाले. मग पेन खिशात टाकून पुन्हा म्हणाले, "साहेब, ते वेगळं. तिथे गिऱ्हाइकाचा शर्ट विरळ होतो. इथे कोणाचं काय विरळ होतंय?"

आणि वाचकहो, प्रामाणिकपणे सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. हिशेबानेही शेठचंच बरोबर. साठात चार म्हणजे शेकड्याला साडेसहाच्या वर. तीनशेत चार म्हणजे शेकड्याला दीडसुद्धा नाही. मी स्वतः सकाळी पावणेचार किलोमीटर फिरून येतो आणि चार सांगतो. डॉक्टरना सांगतो तेव्हा साडेचार. तरीही ३०० लिहू द्यायला मन धजेना. यंत्राची इज्जत म्हणा, की माझी रजिस्टरातली सही म्हणा. विचारणाऱ्याने तीनशे विचारलं असतं आणि मी 'हो, जवळपास' म्हटलं असतं, तर ते वेगळं. त्याने 'किती' विचारलं होतं. किती याचं उत्तर यंत्राला ठाऊक होतं, त्याने ते दिलं होतं, आणि मधल्या माणसाने ते बदलायचं, एवढंच मला खुपत होतं. मधला माणूस या नात्याने मी आयुष्यभर दुसरं केलं काय होतं, हाही प्रश्न आहेच.

शेवटी तडजोड झाली. शेठनी कागदावर '२९६ (३००)' असं लिहिलं. मी कंसाकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

गिऱ्हाईक चार दिवसांनी आलं. तिशीतला मुलगा, नम्र. त्याच्या कारखान्यात असंच एक यंत्र अजून एक जुना प्रोग्राम चालवत होतं आणि त्यातला एक प्रोसेसर गेला होता. एका पेटीतले सगळे प्रोसेसर एकाच वेगाचे लागतात, म्हणून तो नेमका आकडा शोधत हिंडत होता. त्याने कागद वाचला. आम्ही दोघे श्वास रोखून. कंस बघेल की आकडा बघेल?

"अरेरे," तो म्हणाला. "मला चारशेवाले हवे होते."

२९६ असो की ३००, त्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच निरुपयोगी. चहा घेऊन तो गेला.

मग ते यंत्र भंगारात गेलं. मी मुद्दाम गेलो होतो. जाऊ नये असं सौ. म्हणत होती. प्रोसेसरांच्या चार पट्ट्या आधी काढून ठेवल्या होत्या. त्यातली एक शेठनी माझ्या हातात ठेवली. ती आता माझ्या टेबलावर विजेच्या बिलांवर बसलेली असते. बाकीची पेटी दोघांनी उचलून काट्यावर ठेवली. काट्यावरच्या पोऱ्याने लाल आकडे बघितले आणि वरचे ग्रॅम सोडून नुसते किलो ओरडला.

शेठ माझ्याकडे न बघता पोऱ्याला म्हणाले, "टिंबाच्या पुढचं पण लिही रे. साहेब उभे आहेत."