घर बदलताना : आपले किती आणि अमानत किती?



शेगावातील आमच्या जमातीत एक बुजुर्ग आहेत. रेडिओ आणि टीव्हीची दुरुस्ती करण्यात त्यांची हयात गेली. त्या उद्योगात जुने संच जमवण्याचा छंद त्यांना जडला. शटर ओढून बंद करायचे लाकडी कॅबिनेट, खटखट वाजत फिरणारी वाहिन्यांची कळ, क्राउन, वेस्टन, डायनोरा अशी आज विस्मरणात गेलेली नावे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ मध्ये देशात रंगीत प्रक्षेपण आले. त्या मधल्या काळातील कृष्णधवल संचही त्यांच्याकडे होते. यंदा मुलाकडे पुण्याला राहायला जाण्याचे ठरले. तिथल्या दोन खोल्यांत सतरा संच मावणार नव्हते. जुम्म्याच्या नमाजनंतर ते मला म्हणाले, "मौलाना, सगळे म्हणतात भंगारात देऊन टाका. हात धजत नाही. हा दुनियेचा मोह तर नव्हे?"

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या माळ्यावर असे काही ना काही पडलेले असते.

प्रथम हे लक्षात घ्या की विरहाचे दुःख म्हणजे गुन्हा नव्हे. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मक्का सोडताना त्या नगरीकडे पाहून तिच्याविषयीचे आपले प्रेम बोलून दाखवले होते. तरीही अल्लाहचा आदेश येताच ते निघाले. मन भरून येणे वेगळे आणि मनाने पाय बांधून ठेवणे वेगळे. सूरह अत्-तकासुरमध्ये ज्या हव्यासाविषयी इशारा दिला आहे, तो माणसाला कब्रस्तानापर्यंत गाफील ठेवणारा हव्यास आहे. म्हणून "मला या वस्तू आवडतात का?" असे विचारू नका. "या वस्तूंमुळे माझे एखादे कर्तव्य अडले आहे का?" असे विचारा.

हाच प्रश्न मी त्या बुजुर्गांना विचारला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सतरापैकी चार माझे नाहीत." गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला टाकलेले आणि परत न नेलेले ते संच होते. वर्षे लोटली आणि ते कधी संग्रहाचा भाग झाले, हे त्यांचे त्यांनाही कळले नाही.

वाचकहो, हिजरतचा प्रसंग आठवा. मक्केतील लोक आदरणीय प्रेषितांचे (स.) विरोधक होते, परंतु आपल्या मौल्यवान वस्तू मात्र त्यांच्याकडेच ठेवत. जिवावर बेतलेले असतानाही प्रेषितांनी (स.) हजरत अली (र.) यांना मागे ठेवले, ते या अमानती ज्याच्या त्याला पोचवण्यासाठी. स्थलांतराचा पहिला धडा हाच आहे : सामान बांधण्यापूर्वी दुसऱ्याचे दुसऱ्याला द्या.

बुजुर्गांनी जुन्या चिठ्ठ्या काढल्या. दोन मालक सापडले. तिसरे मरण पावले होते. त्यांच्या पत्नीला संच नको होता, तेव्हा बुजुर्गांनी आगाऊ घेतलेले दोनशे रुपये तिला परत केले आणि माफी मागितली. चौथ्या संचावरील चिठ्ठीची शाई उडाली होती. अशा वस्तूबाबत हनफी फिकहचा मार्ग असा की मालकाचा प्रामाणिक शोध घ्यावा आणि आशा संपल्यावर ती वस्तू किंवा तिची किंमत मालकाच्या वतीने गरजूला सदका करावी. पुढे मालक आलाच, तर त्याने सदका मान्य करावा किंवा भरपाई मागावी. तो त्याचा हक्क आहे. आपल्या बाबतीत असा प्रसंग आला, तर मुफ्तींना अवश्य विचारा.

उरलेल्यांपैकी काही संच एका छंदी माणसाने विकत घेतले. बाजारातील धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा प्रेषितांनी (स.) उघड केला आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. ती हदीस स्मरून बुजुर्गांनी कोणत्या संचाची पिक्चर ट्यूब बदललेली आहे, ते आधीच सांगितले. भाव कमी आला, पण मन हलके झाले.

पूर्ण निकामी संच राहिले, त्यांचे काय? पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते. ती फोडून उघड्यावर टाकली किंवा तांब्यासाठी तारा जाळल्या, तर त्रास शेजाऱ्याला, मातीला आणि भंगार वेचणाऱ्या लेकरांना होतो. स्वतः नुकसान सोसू नये आणि दुसऱ्याचेही करू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे गेला पाहिजे. तिथे चार पैसे कमी मिळाले, तरी ते द्या.

एकदा प्रेषितांच्या (स.) घरी बकरी जिबह झाली. काय उरले, असे त्यांनी विचारले. हजरत आयशा (र.) यांनी सांगितले की फक्त खांदा उरला आहे. त्यावर त्यांनी समजावले की खांदा सोडून बाकी सारे उरले. जे वाटले गेले, तेच अल्लाहपाशी जमा झाले.

पुण्याला जाताना बुजुर्गांनी स्वतःसाठी एकच छोटा संच ठेवला. तो त्यांचाच होता, आणि आता तसे ते निःशंकपणे म्हणू शकत होते.

आज घरी गेल्यावर आपला माळाही एकदा पाहा. तिथे कोणाची अमानत धूळ खात नाही ना? अल्लाह आपल्याला शेवटच्या स्थलांतरापूर्वी सर्वांचे हक्क पोचवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.