माइक चालू आहे ना?

गेल्या दिवाळीत मी माझ्या बाबांना चार दिवसांत गप्प केलं. भांडून नाही, त्यांना बोलतं करायच्या नादात.

बाबा एसटीत कंडक्टर होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं वाचलं, जरा संथ झालं एवढंच. उजवा हात मात्र गेला, तोच तिकिटांवर टकटक पंच मारणारा हात. त्यांना आठवणी लिहायच्या होत्या. मुक्कामी गाडीतल्या रात्री, पावसाळ्यातला चिखलदऱ्याचा घाट, सुट्ट्या पैशांवरून झालेली भांडणं. मी पुण्याहून घरी आले ती माझा जुना लॅपटॉप घेऊनच. म्हटलं, "बाबा, तुम्ही फक्त बोला. लिहायचं काम हा करेल."

लॅपटॉपने लिहिलं ते वाचून आम्ही आधी हसलो. मग हसू ओसरलं. निम्मे शब्द गायब, उरलेल्यांना अर्थ नाही. मी म्हणाले, "बाबा, जरा स्पष्ट बोला." मग "जरा सावकाश." मग "जरा मोठ्यानं." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बाबा, आपलं वऱ्हाडी नको, पुस्तकातलं बोला." त्यांनी तेही केलं. खुर्चीत ताठ बसून रेडिओवरच्या बातम्या दिल्यासारखे बोलू लागले. घाटातली बस त्या भाषेत चढेना. चौथ्या दिवशी म्हणाले, "राहू दे माय. माहं बोलणंच आता तसं राहलं नाही."

हे वाक्य मला लागलं. कारण आजारानंतर डॉक्टरांनी, शेजाऱ्यांनी, कुणीच त्यांच्या मनात ही शंका घातली नव्हती. ती मी घातली होती.

त्या रात्री मी सेटिंग्ज उघडून बसले. परवानगी होती. ब्राउझरलाही माइक वापरायला हो म्हटलेलं होतं. आवाजाची पट्टीही हलत होती, म्हणून तर मला माइकचा संशय आला नव्हता. शेवटी, खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं ते केलं. बाबा सकाळी बसायचे त्या खुर्चीत बसून एक मिनिट नुसतं रेकॉर्डिंग केलं आणि ते स्वतः ऐकलं. पंख्याची घरघर आली, आईचा कुकर आला आणि खूप लांबून, विहिरीतून यावा तसा माझा आवाज आला. इनपुटच्या यादीत पाहिलं. लॅपटॉपने माझा ब्लूटूथ नेकबँड निवडला होता. तो चालूच होता आणि आतल्या खोलीत खुंटीला लटकत होता. चार दिवस बाबा लॅपटॉपच्या तोंडासमोर बसून बोलत होते आणि लॅपटॉप स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून ऐकत होता.

यातली तांत्रिक गोष्ट साधी आहे. एकापेक्षा जास्त माइक असले की कॉम्प्युटर त्यातला एक निवडतो, आणि आपल्याला वाटतो तोच निवडेल असं नाही. त्यात ब्लूटूथचा माइक चालू झाला की बऱ्याच उपकरणांत आवाज फोन कॉलच्या दर्जावर उतरतो. वरच्या पट्टीतले बारकावे गळतात, आणि स-श-फ सारखी व्यंजनं ओळखायला तेच बारकावे लागतात. इनपुट बदललं, नेकबँड बंद केला, काम झालं. दोन मिनिटं.

त्या दोन मिनिटांचं मला काही वाटत नाही. त्याआधीच्या चार दिवसांचं वाटतं. समजलं नाही की संशय आधी कुणावर घ्यायचा? माइकवर, ऐकणाऱ्यावर की बोलणाऱ्यावर? मी एका क्षणाचाही विचार न करता बोलणाऱ्यापासून सुरुवात केली. तो म्हातारा होता, आजारी होता, वऱ्हाडी बोलत होता. समोरच कॉलेजातला पोरगा बसून शुद्ध पुणेरी बोलत असता, तर मी पहिल्याच मिनिटाला विचारलं असतं, "अरे, माइक चालू आहे ना?"

मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंचं २००७ सालचं ‘एपिस्टेमिक इनजस्टिस’ नावाचं पुस्तक आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस कोण आहे हे पाहून आपण त्याच्या शब्दाला मुळातच कमी भाव देतो, तेव्हा जाणणारा माणूस म्हणून त्याच्यावर अन्याय होतो. त्याला शिवी द्यावी लागत नाही, कुणी दुष्ट असावं लागत नाही. आणि असं होत राहिलं की त्याचा स्वतःच्या जाणतेपणावरचा विश्वासही ढासळू शकतो. "माहं बोलणंच आता तसं राहलं नाही" हे मला तिथे पुन्हा ऐकू आलं.

यावर कुणी म्हणेल, यंत्राला कसला आलाय अन्याय? यंत्र चुकतं, बस. मान्य. खुंटीवरच्या नेकबँडला मी दोष देत नाही. पण चूक कुणाच्या वाट्याला किती येते हे निसर्गाने ठरवलेलं नसतं. २०२० साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच मोठ्या कंपन्यांच्या आवाज ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या, तर गोऱ्या माणसांच्या बोलण्यात सरासरी शंभरात १९ शब्द चुकत होते आणि काळ्या माणसांच्या बोलण्यात ३५. त्या प्रणालींना शिकवताना कुणाचे आवाज भरपूर ऐकवले आणि कुणाचे नाही, याच्याशी त्याचा संबंध असावा असं संशोधकांना दिसलं. कुणाचे आवाज गोळा करायचे हे माणसं ठरवतात. तिथे नैतिक प्रश्न सुरू होतो.

आमच्याकडेही माइक दुरुस्त झाल्यावर हाच प्रश्न उरला. आता शब्द येत होते, पण बाबांचे येत नव्हते. आमच्या बोलीत ळ चा य होतो. शाळा ती शाया, आभाळ ते आभाय. बाबा म्हणाले, "आभाय भरून आलं होतं." लॅपटॉपने लिहिलं, "अभय भरून आलं होतं." ते "सांगून रायलो" म्हणाले, याने "सांगून राहिलो" केलं. पहिली चूक निदान दिसते. दुसरी दिसतही नाही, ती दुरुस्तीचं सोंग घेऊन येते.

मग वाटलं, यात यंत्राचं काय घेऊन बसायचं? पुण्यात हॉस्टेलवर पहिल्या महिन्यात मी "काहून" म्हणाले आणि खोलीतल्या मुली हसल्या. दुसऱ्या महिन्यात मी "का" म्हणायला शिकले. तिथेही दुरुस्त व्हायचं ते बोलणाऱ्यानेच. बोलणं बदलण्यात वाईट काही नाही. बाबाही प्रवाशाशी एक बोलायचे आणि तपासणीच्या साहेबाशी दुसरं. पण माणसासमोर आपण बदलतो तेव्हा तोही थोडा बदलतो, कान देतो, "काय म्हणालात?" असं विचारतो. यंत्र विचारत नाही. त्याला जे कळलं तेच तुम्ही म्हणालात, असं ते लिहून मोकळं होतं.

१९५२ साली बेल लॅब्समध्ये ‘ऑड्री’ नावाचं यंत्र बनवलं होतं. त्याला फक्त अंक ओळखता यायचे, आणि तेही नीट यायला हवे असतील तर आधी यंत्र त्या बोलणाऱ्याच्या आवाजाशी जुळवून घ्यावं लागायचं. किती बावळट यंत्र, असं आपल्याला वाटतं. पण निदान जुळवून कुणी घ्यायचं, याचं त्याचं उत्तर मला आवडतं.

म्हणून माझा आता एक नियम आहे, कॉम्प्युटरपुरता आणि बाहेरही. समजलं नाही तर आधी माझं टोक तपासायचं. मी कुठून ऐकतेय? माझा माइक कुठल्या खुंटीला आहे? मधला गोंगाट कुणाचा आहे? हे सगळं पाहून झाल्यावर समोरच्याला म्हणायचं, जरा स्पष्ट बोला. कधी कधी दोष खरंच बोलण्यात असतो. पण तो शेवटी सापडावा, आधी गृहीत धरलेला नसावा.

बाबांना मी सगळं सांगितलं, नेकबँड दाखवला, माफी मागितली. ते हसले. पण पुढचे दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच खुर्ची ओढून बसले.

"अभय" खोडून मी मोठ्या अभिमानाने "आभाय" लिहिलं आणि त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "पुस्तकात लिहितेत तसं लिही ना." मी वाद घालणार होते. आपली बोली, आपली ओळख वगैरे. तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मी पुन्हा तेच करतेय. या वेळी आतल्या खोलीतून मीच ऐकतेय.

म्हणून विचारलं, "तुम्हाला कसं पाहिजे?"

त्यांनी चष्मा लावून दोन्ही शब्द पाहिले. बराच वेळ घेतला. मग म्हणाले, "मी सांगीन तवा आभाळ लिही. गाडीतले लोकं बोलतीन तवा आभाय."

तसंच लिहितोय आम्ही. घाट अजून अर्धा बाकी आहे.