मंदिराची राखण



मध्यरात्री दार वाजले. एका आजोबांना तैलाभ्यंग देण्यासाठी मी गेलो. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली होती. सून रडत म्हणाली, "फादर, त्यांना काही त्रास नव्हता, म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या."

उच्च रक्तदाबाचा धोका इथेच आहे. बहुधा काही न दुखता तो हृदय, मेंदू व मूत्रपिंडांना इजा करतो. वारंवार मोजूनही तो 140/90 किंवा अधिक भरला, तर उपचार हवेत. बरे वाटते ते गोळीमुळेच! डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नये.

काहीजण म्हणतात, "देवावर भरवसा आहे, मग गोळी कशाला?" संत थॉमस अक्वायनस शिकवितात की, आत्मा व शरीर मिळून माणूस होतो. शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, याची आठवण संत पौल करिंथकरांना देतो. चर्चचे छप्पर गळू लागले, तर प्रार्थनेबरोबर आपण कौलेही बदलतो ना?

दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा, म्हणजे लहान चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुकी मासळी, लोणचे, पापड यांतले मीठही त्यातच धरायचे. तंबाखू, मिश्री, दारू सोडा. रोज चाला.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घ्यावा. घरातील थोरांना सोबत न्या. आणि रोजची गोळी घेताना क्रुसाची खूण करा. तीही प्रार्थनाच आहे.

प्रभू तुम्हांला आशीर्वादित करो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू