मापाचं ब्लाउज

अमेरिकेत सिएटलजवळच्या बॉथेलला ऑक्टोबर लागला की उजाडायला उशीर होतो. विद्यापीठाशेजारच्या पाणथळीत रात्रभर वस्तीला असलेले हजारो कावळे फटफटताच निघतात. मी तेव्हा चहा घेऊन खिडकीशी असते. समोर मैत्रिणीचं दार दिसतं. दारावर एक कागद, कागदावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन.

मैत्रीण ब्लाउज शिवून देते, फॉल-पिकोही करते. दिवाळी जवळ आली की तिचा फोन थांबत नाही. माप एकीचं, निरोप दुसरीचा, असे घोटाळे व्हायचे. म्हणून यंदा तिने फॉर्म केला आणि त्याचा क्यूआर कोड दारावर लावला. स्कॅन करा, मापं भरा, कापड टोपलीत ठेवा. दार वाजवायची गरज नाही.

मग पाऊस सुरू झाला. इथला पाऊस कोसळत नाही, नुसता झिरपत राहतो. कागद एका बाजूने फुगला, शाई फुटली. मी म्हटलं, ‘‘बदल गं तो आता.’’ ती म्हणाली, ‘‘चालतोय की!’’ मी मुद्दाम फोन उलटा धरून पाहिला. खरंच चालत होता.

हा कोड 1994 मध्ये जपानमधल्या डेन्सो या कंपनीत जन्मला. मोटारींच्या सुट्या भागांच्या खोक्यांवरचा एकेक बारकोड वाचून कामगार थकून जात. त्यांच्यासाठी मासाहिरो हारा यांनी तो घडवला. जेवणाच्या सुट्टीत गो नावाचा पटावरचा खेळ खेळताना काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून त्यांना तो सुचला. मला मात्र त्यात ठिपक्यांची रांगोळी दिसते. कारखान्यातले हात तेलकट, खोकी मळकी. त्यामुळे थोडंफार पुसलं तरी वाचता यावं, ही सोय त्यात पहिल्यापासून आहे. नीट बेतलेल्या कोडचा तीस टक्क्यांपर्यंतचा भाग गेला तरी उरलेल्यावरून गेलेलं भरून काढता येतं.

शाबूत लागतात ते कोपऱ्यांतले मोठे चौकोन. ते तीनच आहेत. चौथ्या कोपऱ्यात तसा चौकोन नाही, म्हणून तर फोनला वर कुठलं नि खाली कुठलं ते उमगतं. चारही कोपरे सारखे भरले असते तर दिशाच कळली नसती. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होते.

कोड असा मोठ्या मनाचा. त्याच्या आतला फॉर्म तसा नाही. उंची, छाती, कंबर, मुंढा, दंडघेर, पुढचा गळा, मागचा गळा. प्रत्येकापुढे लाल चांदणी. एक घर रिकामं राहिलं की पुढे जाऊ देत नाही.

परवा एक आजी आल्या. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. कागदाकडे त्यांनी पाहिलंही नाही, सरळ दार वाजवलं. पिशवीतून एक जुनं ब्लाउज काढून मैत्रिणीच्या हातात दिलं. ‘‘हे घे बाई मापाचं. मोजत कुठे बसतेस?’’

मी तिथेच होते. मैत्रिणीने ब्लाउज उलटं केलं. बाजूच्या शिवणीलगत जुन्या टाक्यांच्या भोकांच्या दोन रेघा होत्या. म्हणजे ते दोनदा उसवून सैल केलेलं. नंतर पुन्हा आत घेतलेलं. हुक तीन वेगवेगळ्या जातींचे. उजव्या मुंढ्याखाली कापड जास्त विरलेलं. मैत्रीण बोट फिरवत हे सगळं पाहत होती, आणि आजी तिला पाहू देत होत्या. शेवटी तिने विचारलं, ‘‘आजी, बारीक झालात का हल्ली?’’ आजी म्हणाल्या, ‘‘हे गेल्यापासून.’’ मग दोघी काही वेळ बोलल्या नाहीत. मी चहा टाकायला आत गेले.

फॉर्म वाईट आहे असं मैत्रीण म्हणत नाही, मीही म्हणत नाही. त्याच्यामुळेच यंदा ती रात्री वेळेवर झोपते. नोकरी करणाऱ्या मुली ट्रेनमधून मापं भरतात, त्यांना तेच बरं. दार न वाजवता काम होणं हीसुद्धा एक सोयच आहे, लाजऱ्या माणसाला तर फारच.

फक्त त्या संध्याकाळी तिने फॉर्मच्या तळाशी एक मोकळी चौकट वाढवली. तिला चांदणी नाही. वर एवढंच: ‘आणखी काही सांगायचंय?’

बहुतेकजणी ती रिकामीच सोडतात. कुणी ‘लवकर हवंय’ लिहितं. आज सकाळी मैत्रिणीने खिडकीतून हाक मारली आणि रस्ता ओलांडून फोन दाखवायला आली. मापांची सगळी घरं नीट भरलेली, अर्ध्या इंचापर्यंत. आणि खालच्या चौकटीत कुणीतरी लिहिलं होतं: ‘हुक पुढून लावा. हात मागे जात नाही आता.’