नांगर आणि नवकाव्य

शेती ही एक स्वतंत्र जीवनदृष्टि आहे, हें मत जुनेंच आहे. परंतु यंत्रयुगाच्या ऐन भरांत, अमेरिकेसारख्या देशांत, आणि तेंहि नवकाव्याच्या पुरस्कर्त्यांनीं तें मांडावें, याचें वाचकांस नवल वाटेल.

टेनेसी संस्थानांतील नॅशव्हिल येथें १९२२ ते १९२५ या काळांत “द फ्युजिटिव्ह” नांवाचें कवितेचें नियतकालिक निघत असे. त्या मंडळींपैकीं जॉन क्रो रॅन्सम, डोनल्ड डेव्हिडसन, ॲलन टेट व रॉबर्ट पेन वॉरन हे चौघे कवि १९३० मध्यें बारा दाक्षिणात्य लेखकांच्या “आय्‌ल टेक माय स्टँड” या निबंधसंग्रहांत एकत्र आले. कारखानदारीनें श्रमांतील आनंद, विसांवा, धर्म आणि कला यांचा ऱ्हास होतो, यासाठीं समाज शेतीप्रधानच असावा, असें त्यांचें प्रतिपादन होतें.

या समाजविचाराचा दुर्बोध व उपरोधप्रचुर काव्याशीं संबंध काय? माझ्या मतें दोहोंचें मूळ एकच आहे. अमूर्त सिद्धांताचा त्यांना तिटकारा होता. शास्त्र वस्तूचें सार तेवढें घेतें, काव्य ती वस्तु तिच्या सर्व विशेषांसह जपतें, अशा आशयाचें विवेचन रॅन्सम यांनीं १९३८ सालच्या “द वर्ल्ड्स बॉडी” या ग्रंथांत केलें आहे. कविता जशी तिच्या गद्य अर्थांत आटोपत नाहीं, तशीच जमीन उत्पन्नाच्या आंकड्यांत मावत नाहीं, असा हा विचार आहे.

आतां प्रश्न असा कीं, या कसोटीस ते स्वतः उतरले काय? दक्षिणेंतील कापूस प्रथम गुलामांनीं, आणि १८६५ मध्यें गुलामगिरी संपल्यावर मोठ्या प्रमाणांत कर्जबाजारी वाटेकऱ्यांनीं पिकविला. तरीहि या संग्रहांतील वॉरन यांच्या निबंधांत वर्णविभक्त व्यवस्था मान्यच केलेली होती. विशिष्टाचे हे उपासक शेजारच्या कृष्णवर्णीय माणसापाशीं येतांच पुन्हा अमूर्तांत शिरले. टेट यांची “ओड टु द कॉन्फेडरेट डेड” ही कविता त्या मानानें अधिक प्रामाणिक आहे. यादवी युद्धांत पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीच्या फाटकाशींच तिच्यांतील मनुष्य थांबतो. त्यांच्या श्रद्धेंत त्याला प्रवेश मिळत नाहीं.

डेव्हिडसन पुढेंहि वर्णविभक्तीचे कैवारी राहिले. वॉरन यांनीं मात्र मत बदललें, आणि १९६५ च्या “हू स्पीक्स फॉर द नीग्रो?” या पुस्तकासाठीं अनेक कृष्णवर्णीयांच्या भेटी घेऊन त्यांचें म्हणणें त्यांच्याच शब्दांत नोंदविलें. कवीची दृष्टि समाजचिंतनांत खरी उतरली ती येथें. ज्यास भूमीचें प्रेम आहे, त्यानें ती कसणाऱ्याचीहि तितक्याच बारकाईनें ओळख करून घेतली पाहिजे. एरव्हीं तें प्रेम देखाव्यावरचें ठरेल.