दोन भेटींच्या मधली रिकामी जागा

आर्वी तालुक्यातलं रोहणा घ्या, की वर्धा जिल्ह्यातलं दुसरं कुठलंही गाव. लेकरू अंगानं भरत नाही ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची काळजी. त्यामुळे गुटगुटीत मूल दिसलं की 'खात्यापित्या घरचं' म्हणून कौतुक होतं. तेच मूल आठवी-नववीत गेलं की वर्गात 'ढोल्या' म्हणून चिडवलं जातं. कौतुक होतं, चेष्टाही होते. दवाखान्यात मात्र त्याला कुणी नेत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ते ४.१ झालं. आणि आपल्याकडे वजनकाटा सगळं सांगतही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं तपासली. सरासरी वजन अवघं २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी कमी. स्नायू कमी, पण चरबी त्या मानानं टिकून. बारीक दिसणाऱ्या आपल्या मुलांना मधुमेहाचा धोका का, याचा एक धागा इथं सापडतो. खाण्या-वजनाबद्दल मुलांशी गप्पा मारणारी यंत्रं, म्हणजे चॅटबॉट, आता निघाली आहेत. परदेशी मापांवर शिकलेलं असं यंत्र आपल्या मुलांना सल्ला देऊ लागलं, तर पहिली चूक इथंच होईल.

तरीही अशा यंत्रांना मी सरसकट नाही म्हणणार नाही. अमेरिकेत लठ्ठपणा आणि पूर्वमधुमेहावर उपचार घेणाऱ्या २३ मुलांना 'टेस' नावाचा चॅटबॉट देण्यात आला होता. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांमध्ये आणि यंत्रामध्ये ४,१२३ संदेशांची देवाणघेवाण झाली. ठरवलेल्या उद्दिष्टाकडे आपण सरकतो आहोत, असं मुलांनी ८१ टक्के वेळा सांगितलं. इतक्या थोड्या मुलांवरून वजन उतरतं की नाही हे ठरत नाही. पण मुलं यंत्राशी बोलतात, एवढं नक्की कळतं.

का बोलतात? समजा, रोहण्याची एक नववीतली मुलगी रात्री जेवणं आटोपल्यावर वडिलांच्या फोनवर लिहिते, "शाळेतून येता येता दोन समोसे खाल्ले. आईले सांगू नको." यातलं दुसरं वाक्य समोशांपेक्षा मोठं आहे. लाजेपोटी ती हे डॉक्टरांनाही सांगणार नाही. यंत्र हसत नाही, गावभर करत नाही, म्हणून त्याला सांगते. आता यंत्रानं उष्मांक मोजायला घेतले, तर ती उद्या काही लिहिणार नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे उद्या जेवणारच नाही. "भूक लागली होती, की मैत्रिणींनी आग्रह केला?" एवढा प्रश्न त्या रात्री पुरे.

ही भीती काल्पनिक नाही. 'टेस' बनवणाऱ्या कंपनीच्याच तंत्रज्ञानावर 'टेसा' हा दुसरा चॅटबॉट उभा होता, खाण्याच्या विकारांशी झगडणाऱ्यांसाठी. मुळात तो आधी लिहून ठेवलेली उत्तरं द्यायचा. पुढे त्यात स्वतः वाक्यं रचणारी प्रणाली जोडली गेली. मग ज्यांना उपासमारीपासून वाचवायचं, त्यांनाच तो वजन घटवण्याचे, रोजचे उष्मांक कमी करण्याचे सल्ले देऊ लागला. मे २०२३ मध्ये तो बंद करावा लागला. त्याच सुमारास 'टेसा' चालवणाऱ्या संस्थेनं माणसांची हेल्पलाइनही गुंडाळायला घेतली होती. मला सर्वांत जास्त खुपतं ते हे. यंत्र चुकलं ते चुकलंच, पण चूक पकडायला जागेवर असायला हवा होता तो माणूसच काढला जात होता.

'खेड्यात आहारतज्ज्ञ कुठून आणायचे? काहीच नसण्यापेक्षा यंत्र बरं,' असं यावर म्हटलं जाईल. पण आपल्याकडे काहीच नाही, हे खरं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत वर्षातून एकदा येतात. आशाताई गावातल्याच असतात. १९६९ साली सुरू झालेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांना गाव दत्तक दिलं जातं, काही कुटुंबं नेमून दिली जातात. ओळख असली तरच औषध लागू पडतं, हे तिथं पहिल्याच वर्षी शिकवलं जातं. अपुरी पडते ती दोन भेटींमधली जागा. पथक गेल्यावर पुढच्या भेटीपर्यंत मूल एकटं असतं. चॅटबॉटचं काम तिथं, तेवढंच.

आणि त्यालाही अटी हव्यात. त्यानं मुलाला वजनाचा वा उष्मांकांचा आकडा देऊ नये. ज्वारीची भाकरी, वरण-भात, आलुपोहा त्याला कळावा, वऱ्हाडी बोली कळावी. जेवण सोडलं, ओकून काढलं, जगावंसं वाटत नाही, असं काही आलं की त्याच दिवशी ते माणसापर्यंत पोचावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. ही संमती घेतानाच डॉक्टरांनी मुलासमोर ठरवावं, की आईवडिलांना काय कळेल आणि काय कळणार नाही. फोन वडिलांचा असतो, हे विसरून चालणार नाही.

शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. मुलासाठी असं यंत्र कुणी सुचवलं तर आधी विचारा, त्यातला संवाद कोण वाचणार आणि गरज पडली तर घरी कोण येणार? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं नाही, तर ते यंत्र मुलाच्या हाती देऊ नका.