फांदीसकट पतंग

चिकूची बी पोखरणारी अळी वाडीवाल्याला सहसा दिसतच नाही. फळ वरून धड असते. आतली बी खाऊन अळी भोक पाडून बाहेर पडते, तेव्हा कुठे नुकसान कळते. पुढे ती पानाची कड दुमडून कोष करते आणि एके रात्री पतंग होऊन उडून जाते. तारापूर-चिंचणीपासून डहाणू-घोलवडपर्यंतच्या वाड्यांत हे चालू असते, पण बीमधली अळी आणि दिव्याभोवतीचा पतंग एकच, हे डोळ्यांनी सलग पाहायला मिळत नाही. ते कळते कृषी खात्याच्या भित्तिपत्रकावरून. तिथे अंडे, अळी, कोष, पतंग शेजारी शेजारी छापलेले असतात. म्हटले तर हे चित्र खोटे. एकच जीव एका वेळी चार रूपांत असणार कसा? पण हा खोटेपणा केल्याशिवाय पतंग समजत नाही.

ही मांडणी रुजवली मारिया सिबिला मेरियन या बाईने. जन्म फ्रँकफर्टचा, १६४७चा. तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळायला घेतले. किडे चिखलातून, कुजक्यातून आपोआप उपजतात, असे तेव्हा शिकलेली माणसेही मानत. १६७९ साली तिचे सुरवंटांवरचे पुस्तक निघाले. पुढे १६९९ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली आणि १७०५ साली तिथल्या कीटकांचा साठ चित्रांचा ग्रंथ छापला. (आपला चिकूही मूळचा अमेरिका खंडातलाच.) चारही अवस्था एकत्र आणल्या म्हणून तिचे कौतुक होते. मला मात्र तिची फांदी अधिक मोलाची वाटते. सुरवंट ज्यावर जगतो ते झाडच तिने त्याच्यासोबत रंगवले. टाचणीला टोचलेला पतंग काय खात होता, हे कीटकसंग्रहाची पेटी सांगत नाही. त्यासाठी सुरवंट घरी पाळावा लागतो आणि रोज नेमका तोच पाला आणून घालावा लागतो.

आपल्याकडे कीटकशास्त्रज्ञ हॅम्पसनचे भारतीय पतंगांवरचे चार खंड १८९२ ते १८९६ या काळात आले. त्यांत भर होता पूर्ण वाढलेल्या पतंगांवर आणि पंखांच्या शिरांवर. त्याच सुमारास कारवारकडे तिघे सरकारी अधिकारी सुरवंट पाळत बसले होते: कलेक्टर डेव्हिडसन, मीठ-जकात खात्यातला, साताऱ्यात जन्मलेला एटकेन आणि वनखात्यातला बेल. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १८९६ साली उत्तर कानड्याच्या फुलपाखरांवर त्यांचे लेखन आले. बेलचे पतंगांचे काम मात्र, स्कॉटच्या जोडीने, १९३७ पर्यंत रखडले. पाळण्याच्या कामाला घाई चालत नाही.

बिहारातल्या पुसा येथील कृषी संशोधन संस्थेतून कीटकशास्त्रज्ञ लेफ्रॉयने १९०९ साली भारतीय कीटकांवर मोठा ग्रंथ काढला. त्यात जीवनचक्राची चित्रे पिकाच्या कामाला जुंपली गेली. आजचे भित्तिपत्रक त्याच वळणाचे. पण त्यात काहीतरी गळले. मेरियनने पाळलेल्या कोषांतून कधी कधी पतंगाऐवजी अळीवर जगलेल्या माश्या निघत. तिने त्याही टिपल्या, रंगवल्या. आपण शत्रुकिडी आणि मित्रकिडी यांची पत्रके वेगवेगळी छापतो. वाडीत मात्र त्या एकाच फांदीवर असतात आणि फवारा दोघींवर पडतो. चिकूच्या पत्रकावर अळीला खाणारी गांधीलमाशीही त्याच फांदीवर काढावी. खाली भोक पडलेले, गळलेले फळही दाखवावे, कारण अशी फळे वेचून नष्ट करायला वाडीवाल्याला औषध विकत घ्यावे लागत नाही.